उतारासाठी थोरला ट्रॅक्टर

अंगावर मांस नावालाच, म्हणून नवऱ्याने लग्नानंतर लगेच तिला काडी म्हणायला सुरुवात केली. आता साठी उलटली तरी सगळ्यांची ती काडीमावशीच. जन्मभर तिने पडदे शिवले. घराभोवतीचं गवत नवरा छोट्या ट्रॅक्टरवर बसून कापायचा, आणि त्या ट्रॅक्टरला तिला हात लावू द्यायचा नाही. "वारा सुटला तर सीटवरून उडून जाशील," म्हणायचा. मागच्या वर्षी घरामागच्या उतारावर, ट्रॅक्टरवर बसल्या बसल्याच तो गेला. ती पोचली तेव्हा इंजिन चालूच होतं.

जावयाने धोशा लावला होता: एवढी जागा एकटीच्याने आवरायची नाही, विका आणि आमच्याकडे या. तिला दुसऱ्याच्या घरातला कोपरा नको होता. शेवटी ठरलं, नवा ट्रॅक्टर तिला चालवायला जमला तर ती राहील, नाहीतर जागा विकायची.

विक्रेत्याने दोन ट्रॅक्टर चालवून बघायला आणले. धाकटा झाडांमधून सहज फिरला, पण उतारावर हलका पडला. ओल्या गवतावर आडवा घसरू लागला. थोरला रुंद आणि जड. त्यावर ती बसली, गवत कापायचं पातं सुरू केलं आणि इंजिन बंद पडलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"सीटखाली बटण असतं, मावशी," विक्रेता म्हणाला. "पातं फिरत असताना माणूस उठला तर इंजिन बंद. तुम्ही बसलाय हे त्याला कळतच नाहीये."

"खिशात दगड भरा, आई," जावई हसला.

"त्यापेक्षा तुमचं एक वेळचं जेवण मला द्या, जावईबापू. ट्रॅक्टर खचेल."

पातं न फिरवता तिने थोरला उतारावर नेला आणि मध्यावर पुन्हा पात्याची कळ दाबली. सीट खाली गेली. सावकाश, तिच्या वजनाने जाईल त्याहून बरीच खाली. इंजिन चालू राहिलं. तिने सगळा उतार कापला. चढाच्या बाजूला कुणीतरी अंग रेलून बसावं तसा ट्रॅक्टर घट्ट होता. तिने मागे वळून पाहिलं नाही.

खाली येऊन ती उतरली. पातं फिरतच होतं. सीट दबलेलीच होती.

विक्रेत्याने धावत येऊन किल्ली फिरवून इंजिन थांबवलं, तारा तपासल्या, पुन्हा सगळं सुरू केलं. तो बसून उठला. इंजिन बंद पडलं. ती बसून उठली, इंजिन चालू.

"स्प्रिंग अडकत असेल," म्हणत त्याने सीटवर तळवा टेकला आणि झटकन मागे घेतला. मग तो हात पँटला पुसत राहिला. "दुरुस्त करून आणतो."

"पण जमलं की, आई! हाच घ्या," जावई म्हणाला.

काडीमावशी उताराकडे बघत होती. कापलेल्या प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला डावीकडे एक छोटा वेढा होता. तिने एकही वेढा घेतला नव्हता. तसा तिचा नवरा घ्यायचा.

"धाकटा द्या," ती म्हणाली.

"आणि उतार कसा कापणार?"

"उतार विका."

"काल वीतभर जागा सोडायला तयार नव्हतात!"

"विका म्हटलं ना. मला एकटीला राहायचंय."

थोरला गाडीवर चढवताना विक्रेता त्याच्यावर बसला नाही. दोराने ओढून घेतला. गाडी वळणाआड जाईपर्यंत काडीमावशी धाकट्याच्या सीटवर बसून होती, हात मांडीवर, अंग चोरून.