साध्या पोलादावरचे ठिपके

डॉ. वसुधाताई अंबरनाथला आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला आल्या, तेव्हाची गोष्ट. शिवमंदिरात सोमवारच्या रांगेत मी उभी होते. मागची बाई माझा स्टीलचा तांब्या सारखी निरखत होती. मी म्हटलं, "बाजारात मिळतात हो असे."

त्या हसल्या. "तांब्या नको वहिनी. स्टील बघतेय, सवयच लागलीय."

अशी माझी नि वसुधाताईंची ओळख झाली. मी मॅट्रिक शिकलेली, ताई पोलादावर संशोधन करणाऱ्या. अणुभट्टीतल्या पोलादावर किरणांचा मारा होतो, हे मला ताईंनीच सांगितलं. मी चाटच पडले. "म्हणजे वरून धड, आणि आतून मार बसलेलं?"

"अगदी तसंच. तोच मार आम्ही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून बघतो. काळे ठिपके दिसतात."

ताई पाठकोरा कागदसुद्धा टाकत नाहीत. माझ्या मुलीची सगळी गणितं त्यावरच झाली. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा ताई कामावरून येऊन त्यांच्याजवळ बसत, म्हणून माझी सांजवात चुकली नाही.

पण गेल्या वर्षी जे घडलं, त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही. एकादशीची खिचडी घेऊन मी वर गेले, तर ताईंची विद्यार्थिनी, जवळच्याच खरवईची मीनल, डोळे पुसत होती. "मॅडम, परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला. तुमच्या लेखात त्याच पोलादावर इतके ठिपके, माझ्या फोटोत निम्मेही नाहीत. माझंच चुकलं म्हणतात."

आठवड्याने ताई खाली आल्या आणि ओट्याशी उभ्या राहिल्या. पोलादाचा तुकडा इलेक्ट्रॉन आरपार जातील इतका पातळ करावा लागतो. ताई तो यंत्रातल्या कणांच्या झोताने कोरत, मीनल आम्लात झिजवत असे. ताईंनी किरण कधीच न लागलेलं साधं पोलाद आपल्या पद्धतीने कोरून पाहिलं होतं.

"त्यावरही तेच ठिपके उठले, वहिनी. किरणांचे म्हणून मी मोजले, त्यातले कितीतरी मीच कोरताना पाडलेले."

माझं लाटणं थांबलं. त्याच लेखावर ताईंचं नाव झालेलं! "कोणाला कळलंय?"

"तुम्हाला."

"मग राहू द्या ना! निवृत्तीला चार महिने उरलेत. शोभा कशाला करून घेता?"

"आणि माझी चूक मीनलच्या माथी मारू?"

रोज देवापुढे हात जोडणारी मी, हे काय बोलून गेले!

ताईंनी परीक्षकांना कळवलं, आणि लेख छापणाऱ्या नियतकालिकातच आपली चूक छापून आणली. निरोपाच्या दिवशी एक जुने सहकारी म्हणाले, "या वयात हे काय सुचलं तुम्हाला?"

"उशिराच सुचलं," ताई म्हणाल्या.

मीनलचा प्रबंध मान्य झाला, ती आता डॉक्टर झाली आहे. ताईंना साठ पूर्ण झाली आहेत. अंबरेश्वराजवळ माझं एवढंच मागणं: ताईंना भरपूर आयुष्य दे, हातपाय धड ठेव, नजर शाबूत ठेव, आणि त्यांची चूक त्यांच्या तोंडावर सांगू शकतील अशा मुली त्यांच्या दारी येत राहू देत.