सहाव्या खोक्याचे वेष्टन

माझ्या मोठ्या भावाच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात अकरा वर्षे एक सीलबंद खोका होता. तो सीलबंद नाही, हे त्या घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी फक्त मला ठाऊक होते. कारण त्याचे सील मी फोडले होते आणि पुन्हा मीच बसवले होते. हे मी कुणालाही सांगितले नाही, बायकोलाही नाही. चोरी म्हणावी, तर मुद्दाम काही चोरले नव्हते. खोटेपणा म्हणावा, तर मला कुणी काही विचारलेच नव्हते. अशा सोयीच्या वाक्यांवर माणूस अकरा वर्षे सहज काढतो.

खोक्यात काय होते ते सांगताना आमची वये आठवून थोडा संकोच वाटतो. एका जुन्या जपानी कार्टून मालिकेच्या शेवटच्या भागांच्या पाच डीव्हीडी त्यात होत्या. मालिकेचा नायक एक अवाढव्य यंत्रमानव. आमच्या लहानपणी ती रविवारी सकाळी टीव्हीवर लागे. मी तेव्हा आठवीत होतो आणि दादा बारावीत, म्हणजे त्या वेळी त्याने रसायनशास्त्र वाचत बसायला हवे होते. शेवटून दुसऱ्या भागात यंत्रमानव समुद्राच्या तळाशी गेला, आणि पुढच्या रविवारी नेमक्या त्याच वेळी दांडिया बाजारात आमच्या मामेभावाची मुंज निघाली. आईने आमचे काही ऐकले नाही. मंगलाष्टके चालू असताना दादा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आत्ता वर येत असेल बघ." तो वर आला की नाही ते आम्हाला कळले नाही. मालिका पुन्हा लागली नाही.

पुढे दादा रिफायनरीत चिकटला आणि मी वाघोडियाला एका औषधांच्या कारखान्यात, पॅकिंग विभागात. त्याने वासण्याला घर घेतले, मी गोत्रीला. दोघांनीही चाळिशी गाठली तेव्हा रावपुऱ्यातल्या एका दुकानदार काकांकडून बातमी आली. पूर्वी ते कॅसेट भाड्याने देत आणि आम्ही त्यांचे जुने गिऱ्हाईक. ती मालिका म्हणे परदेशात सहा खोक्यांत संपूर्ण निघाली होती. काकांचा कुणी नातेवाईक सिंगापूरला होता. तो येईल तेव्हा एकेक खोका येऊ लागला.

नियम दादाने केले. मी मान हलवली. धाकट्या भावाला तेवढेच काम असते. खोका दोघे हजर असतानाच उघडायचा, एका रविवारी एकच डिस्क पाहायची, आणि पुढचे कुणी एकट्याने पाहायचे नाही. वेष्टन दादा नेलकटरच्या पात्याने कापे, इतके जपून की जणू आत कुणी झोपले आहे. वहिनी आमच्यापुढे सेवउसळ ठेवून विचारत, "भावजी, तुमच्या राक्षसाची पण वाटी भरू का?" पाच खोके आम्ही असे पाहिले. त्या रविवारांइतके सुख मला पुढे कशात मिळाले नाही, आणि हे मी उपरोधाने म्हणत नाही.

सहावा खोका आला तेव्हा दादाने तो हातात घेऊन थोडा वेळ उलटसुलट पाहिला आणि कपाटात ठेवून दिला. "हा मी रिटायर होईन त्या दिवशी," तो म्हणाला. "सगळंच आत्ता बघून टाकलं तर मग पुढे काय बघायचं?" निवृत्तीला चौदा वर्षे होती. मी पुन्हा मान हलवली.

त्यानंतर तिसऱ्या वर्षी वासण्याच्या घराला रंग काढायचा ठरला. कपाट रिकामे झाले आणि सहाही खोके महिनाभर माझ्याकडे राहायला आले. मध्ये उत्तरायण, म्हणजे इकडची पतंगांची संक्रांत, आली. आमच्या सोसायटीची सगळी माणसे गच्चीवर पतंग घेऊन गेली होती. मला ऊन सोसत नाही असे सांगून मी घरात राहिलो. ऊन मला चांगले सोसते. वरून "काप्यो छे!" अशी आरोळी आली, त्याच सुमारास मी वेष्टनात नख घातले. पहिल्या चार डिस्कना हात लावला नाही. पाचवी काढली आणि शेवटचा भाग पाहिला. बावीस मिनिटांचा असेल. यंत्रमानव वर येतो की नाही ते मी इथे लिहीत नाही. निदान तेवढी शिस्त आता तरी पाळावी म्हणतो.

उरलेला गुन्हा माझ्या हातच्या कलेने केला. आमच्या विभागात औषधांच्या खोक्यांवर पातळ प्लास्टिकची फिल्म चढवतात आणि खोके गरम हवेच्या बोगद्यातून काढतात. फिल्म आवळून घट्ट बसते. संक्रांतीनंतर मी तो खोका डब्याच्या पिशवीतून कारखान्यात नेला, तापमान थोडे कमी केले आणि एकाच फेरीत काम झाले. मूळ वेष्टनाच्या एका कोपऱ्यात सुरकुती होती. माझ्या वेष्टनात ती नव्हती.

ती नसणेच मला भोवले. खोके परत गेले, कपाट लागले आणि दादाच्या लक्षात आले की सहाव्या खोक्याचे पॅकिंग इतर पाचांपेक्षा सरस आहे. पाहुणे आले की तो खोका काढून दाखवू लागला. "हे बघा जपानी काम. एक घडी कुठे दिसतेय?" आणि माझ्याकडे वळून, "तुमच्या वाघोडियाला जमेल का रे हे?" मी म्हणे, "नाही जमायचं." सबंध आयुष्यात माझ्या कामाची एवढी मनापासून तारीफ कुणी केली नाही, आणि ती मला खाली मान घालून ऐकावी लागली.

याहून वाईट गोष्ट मला खोके परत गेल्यावर आठवड्याभराने कळली. मुलीने कसली तरी डिस्क लावायला आमच्या प्लेअरचा कप्पा उघडला, तर आत ती पाचवी डिस्क. वेष्टन चढवण्याच्या उत्साहात आत काय आहे हे मी पाहिलेच नव्हते. पॅकिंगच्या माणसाकडून दुसरे काय व्हायचे? ती मी विष्णुसहस्रनामाच्या सीडीच्या डबीत ठेवली, कारण आमच्या घरात ती डबी कुणी उघडत नाही. खोका पुन्हा हाती लागला तर डिस्क आत सरकवीन, असे ठरवले. परंतु दादाने कपाटाला कुलूप लावले होते. तेवढा जपण्यासारखा तो खोका मीच करून ठेवला होता.

मधल्या काळात ती मालिका इंटरनेटवर आली. दादाच्या मुलाने फोनवर शेवटचा भाग लावून त्याच्यासमोर धरला, तर दादाने फोन उलटा करून टीपॉयवर ठेवला. "आमचं दोघांचं ठरलंय," तो म्हणाला. मी तिथेच बसलो होतो.

गेल्या वर्षी तो निवृत्त झाला. पुढच्या रविवारी सकाळी मी डिस्क रुमालात गुंडाळून, पिशवीत घालून वासण्याला गेलो. बोलायचे धैर्य नव्हते, हातचलाखीचे होते. पण दादाने सगळ्यांना समोर बसवले, नेलकटर काढला आणि वेष्टन कापले. चार कप्प्यांत डिस्क होत्या, पाचवा रिकामा. त्याने खोका उलटा करून झटकला. वहिनी म्हणाल्या, "अहो, खाली पडली असेल," आणि सोफ्याखाली वाकून पाहू लागल्या. दादाचा चेहरा मुंजीच्या मांडवातला होता. मीही सोफ्याखाली शोधल्यासारखे केले. हे लिहिताना आजही माझे कान तापतात.

दुसऱ्या दिवशी त्याने मला फोन करून रावपुऱ्याला बोलावले. काकांना जाब विचारायचा होता. काका आता पंच्याहत्तरीला आलेले. दुकानात मोबाइलची कव्हरे लटकतात आणि त्यांना ऐकूही कमी येते. दादाने खोका आणि कापलेले वेष्टन त्यांच्यापुढे ठेवले आणि शांतपणे, म्हणूनच फार लागेल असे, तो बोलत राहिला. त्यांच्यावर आम्ही किती विश्वास टाकला, छत्तीस वर्षे रिफायनरीत काढलेल्या माणसाला सील म्हणजे काय ते कळते, हा माल मुळातच अपुरा आला आणि त्यांनी तो न पाहता आमच्या गळ्यात मारला, असे सगळे. मी शेजारी उभा होतो. कालचीच पिशवी माझ्या खांद्याला होती.

काकांनी वेष्टन उचलून उजेडात धरले, बोटांनी चोळले. क्षणभर मला वाटले, यांनी ओळखले. पण ते त्यांच्या गुजराती मिसळलेल्या मराठीत म्हणाले, "साहेब, सील बंद होता ने, म्हणून मी खोलून जोयला नाय. तपासायला पायजे होता. भूल माझीच." मग त्यांनी स्टुलावरून उठून हात जोडले. उठायला त्यांना वेळ लागला. "माफ करजो. एवढी वर्षे तुमी थांबले."

दादा थोडा नरमला. "राहू द्या काका," असे काहीतरी पुटपुटून तो वळला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुझा चेहरा का असा झालाय?"

मी पिशवीतून रुमाल काढला, सोडला आणि डिस्क काउंटरच्या काचेवर ठेवली. दोघेही तिच्याकडे पाहत राहिले. काकांचे हात अजून जोडलेलेच होते. मी ते धरून खाली केले आणि त्यांना ऐकू जावे म्हणून, माझ्या सवयीपेक्षा बऱ्याच मोठ्याने बोललो. शेजारच्या दुकानातली माणसे वळून पाहू लागली.

"काका, तुमची काहीच भूल नाही. तुम्ही पूर्ण खोका दिला होता. दादा, सील मी तोडलं. तुझ्या घराला रंग चालू होता तेव्हा. शेवटचा भाग मी एकट्यानं पाहिला, वेष्टन आमच्या कारखान्यात चढवलं, आणि अकरा वर्षं तुझ्यासमोर बसून गप्प राहिलो. आज तर यांना तुझ्यासमोर हात जोडू दिले. काका, मला माफ करा. दादा, आपलं दोघांचं ठरलं होतं आणि मी ते मोडलं. माझं चुकलं. मला क्षमा कर."