धाकट्याच्या वाटचं मलम

माझा चेहरा बघून लोक अजूनही विचारतात, बाई, सत्तरीतही कातडी इतकी तुकतुकीत कशी? मी हसून 'रंगदेवतेची कृपा' म्हणत आले. खरं तर ती कृपा माझ्या धाकट्या भावाची.

तो रोपवेवर कामाला होता. बर्फाच्या डोंगरावर, ढगांच्याही वर, खांबांवर चढून चाकांना वंगण घालायचं. कंपनी दर महिन्याला उन्हापासून बचावाचं मलम द्यायची, माणशी एक ट्यूब. पण तिथल्या गड्यांत ते लावणं म्हणजे स्वतःचं हसं करून घेणं. एकानं लावलं, तर तो निवृत्त होईपर्यंत सगळे त्याला 'नवरीबाई'च म्हणायचे. शिवाय हाडं गोठवणाऱ्या थंडीत कसलं ऊन लागतंय? हवा विरळ म्हणून वरचं ऊन जास्त जहाल, आणि बर्फ तेच पुन्हा खालून तोंडावर फेकतो, हे त्यांना कुणी पटवून दिलंच नाही.

धाकटा सगळ्या ट्यूबा मला आणून द्यायचा. "ताई, तोंड रंगवायचा धंदा तुझा. घे." रंग लावण्याआधी मी ते चोपडायची. तेवीस वर्षं. रात्री नाटकाचे प्रयोग आणि दिवसभर झोप, जिला दिवसाचं ऊन दिसतच नव्हतं, तिनं.

मग त्याच्या नाकाच्या शेंड्यावर मसुरीएवढं काहीतरी आलं. खपली धरायची, निघायची, रक्त यायचं. दाढी करताना लागलं, म्हणायचा. नाकावर कधीपासून दाढी येते रे, असं चारचौघांत विचारून मी हशा घेतला. हशा घ्यायची सवय जात नाही. दोन वर्षं अशीच गेली. डॉक्टरीणबाईंनी कॅन्सर सांगितला तेव्हा तो नाकातल्या मऊ हाडापर्यंत पोचला होता. जीव वाचला, अर्धं नाक गेलं.

जखम भरली, तोवर त्याच्या मुलीचं लग्न येऊन ठेपलं. हा अडून बसला, मी कुणाला तोंड दाखवणार नाही. पोरगी रडून रडून थकली.

लग्नाच्या सकाळी मी रंगभूषेची जुनी पेटी उघडली. मेणाचं नाक घडवलं, चिकटवलं, रंग जुळवायला बसले. इतका भाजका, तांबडा रंग माझ्या एकाही डबीत नव्हता.

तो आरशात बराच वेळ बघत राहिला. "बरं जमलंय," म्हणाला. मग माझ्या गालावरून बोट फिरवलं. "इथं जास्त चांगलं जमलंय, ताई."

आणि उठून मुलीपाशी गेला.

लग्नाच्या एकाही फोटोत तो हसलेला नाही. मेण तडकेल म्हणून मीच त्याला बजावलं होतं, असं मी सगळ्यांना सांगते.