घरीच असते

विंचूरची माझी वहिनी रंगूबाई कधी दवाखान्याची पायरी चढली नव्हती. दोन्ही बाळंतपणं घरी. २००९च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूनं तिला गाठलं आणि गोटीरामदादानं तिला नाशिकला, माझ्या घराजवळच्या हॉस्पिटलात आणलं, तेव्हा तिला एक वाक्य धड पुरं करता येत नव्हतं.

"साखर? दमा?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय नाय. ठणठणीत हाय," दादा म्हणाला.

"काम काय करतात?"

"काय नाय. घरीच असती."

मी शेजारीच उभी होते. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

फ्लूचं औषध संपलं तरी ताप हटेना. अँटिबायोटिक बदलून झाली. थुंकीत रक्त दिसू लागलं. बाहेरच्या बाकड्यावर बसून बसून माझी कंबर मोडली. नवस बोलायचाही कंटाळा आला.

नवव्या दिवशी नर्स तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावत होती. "नखं एवढी काळी कशानं हो? पुसून जात नाहीत."

"कांद्याची काजळी," मी म्हणाले. "पावसाळ्यात शेतावरच्या चाळीत साठवलेल्या कांद्यावर काळी बुरशी धरते. वहिनी रोज तोच निवडते, फुंकर मारून मारून."

राउंडवर आलेले डॉक्टर थांबले. "रोज? मग घरीच असतात असं कोण म्हणालं?"

दादा तिची नखं बघू लागला. मीही.

तपासणीत फुप्फुसात बुरशी निघाली. ती चाळीतलीच, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. बुरशी हवेत सगळीकडे असते, फ्लूनं पोखरलेल्या छातीत ती धडधाकट माणसाच्याही शिरते, म्हणाले. "पण कळलं असतं, तर आधीच शोधली असती." ते वाक्य मला अजून छळतं.

बुरशीवरचं औषध लागू पडलं. वहिनी वाचली, पण फुप्फुसं निकामी व्हायची तेवढी झाली. चाळीत जायचं बंद. तिच्या जागी दादाला दोन बायका लावाव्या लागल्या, तरी कांदा उरकेना. त्याला चांगलं सुनावायचं मनात होतं, पण माझ्यातही तेवढा जीव उरला नव्हता.

दिवाळीनंतर तपासणीला गेलो, तर डॉक्टर नवे. केसपेपर भरताना त्यांनी विचारलं, "काम?"

दादानं तोंड उघडलं. वहिनीनं हात वर करून त्याला थांबवलं. दोन पायऱ्या चढूनच तिला धाप लागली होती. श्वास जमवून ती म्हणाली,

"बावीस वर्सं कांदा निवडला. आता घरीच असते."