पेच्चियम्माचा पिवळा दोरा

तिरुनेलवेलीच्या आमच्या भागात ज्या बाईचा एमआरआय झालाय, तिच्या गळ्याला पेच्चियम्माचा हात लागलेला असणारच. स्कॅनच्या खोलीबाहेर बाकाशेजारी ती उभी असते. कागद तपासणारे वेगळे, सुई लावणारे वेगळे, मशीन चालवणारा सहायराज वेगळा. बायकांच्या अंगावरचा धातू उतरवणं हे पेच्चियम्माचं काम. बांगड्या, जोडवी, नाकातली चमकी, केसांतले आकडे, आणि सगळ्यात शेवटी ताली, म्हणजे आपलं मंगळसूत्र.

वेळ जातो तो या शेवटच्या वस्तूपाशी. डोक्यात काही वाढतंय का, काळजाचा कुठला भाग निकामी झालाय, हे बघायला आलेली बाई सुई मुकाट टोचून घेते, दाखवाल तिथे सही करते. ताली काढा म्हटलं की मात्र ती दोन्ही मुठींत धरून भिंतीला पाठ लावते. नवरा जिवंत असताना ताली उतरली तर काय होतं, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही.

पेच्चियम्मा समजूत घालत बसत नाही. कमरेच्या पिशवीतून हळदीत भिजवून वाळवलेला दोरा काढते. त्यात हळकुंडाचा तुकडा ओवलेला असतो. ज्या घरात सोनं होत नाही तिथे लग्नात हाच बांधतात, तेव्हा त्याला खोटा कोण म्हणणार? आधी दोरा गळ्यात पडतो, मग सोनं उतरतं. गळा मध्ये क्षणभरही रिकामा राहत नाही. आणि दोरा ती नुसता अडकवून देत नाही. लग्नात पहिली गाठ नवरा मारतो आणि उरलेल्या दोन त्याची बहीण, म्हणून ती बाहेर बसलेल्या नवऱ्याला आत बोलावते.

नांगुनेरीहून आलेल्या एका तरुण बाईचा नवरा, इसक्की नावाचा, दोरा हातात घेऊन थरथरायला लागला होता.

"काय रे, लग्नात हात इतका कापला होता का?" पेच्चियम्माने विचारलं.

"लग्नात मागे नादस्वरम् वाजत होतं, अक्का. कापत होता की नाही कुणाला कळतंय!"

"मग मी गाऊ? चल, मार गाठ. पुढच्या दोन माझ्या. आजपासून मी हिची नणंद."

बाकावरचे सगळे हसले. त्या बाईने मुठी सोडल्या. अशी ती अर्ध्या जिल्ह्याची नणंद झालेली आहे. नवरा दुबईत असेल तर फोनवर त्याचा चेहरा समोर धरते आणि त्याच्या देखत पहिली गाठसुद्धा आपणच मारते. त्याने तिकडून मान हलवली की झालं.

सोन्यापेक्षा तिला भीती सेफ्टी पिनांची. आमच्याकडे प्रत्येक बाईच्या ताली-साखळीत दोन-चार पिना लटकलेल्या असतात. पदराला लागतात, काटा काढायला लागतात, कुणाची चप्पल तुटली की लागतात. एकदा एका म्हातारीने साखळी काढून दिली आणि त्यातली पिन काढून पोलक्याला लावली, हरवायला नको म्हणून. आत शिरताच ती पिन पोलकं फाडून सुटली आणि मशीनच्या तोंडाला जाऊन चिकटली. कुणाला लागलं नाही. पण तेव्हापासून पेच्चियम्मा तोंडी उत्तरावर विश्वास ठेवत नाही, हाताने चाचपून बघते. "सोनं आत गप्प बसतं गं," ती सांगते, "पिन उडते."

आमचं घर तिच्याच गल्लीत. खानापूर तालुक्यातून गलाईच्या धंद्यापायी आजोबा इकडे आले आणि आम्ही इथलेच झालो. लोक जुनं सोनं आणतात, माझे वडील, आबा, ते वितळवून शुद्ध करून देतात. चमकीचा आटा फिरत नसला की पेच्चियम्मा पेशंटला घेऊन थेट आबांकडे येते आणि दुकानाच्या पायरीवर बसून म्हणते, "सेठ, हिचं नाक सोडवा."

या उन्हाळ्यात पायरीवर बसल्या बसल्या तिला बोलता येईनासं झालं. आधी दम खायची, मग बोलायची. स्कॅनचा विभाग पहिल्या मजल्यावर; जिन्याच्या मध्यावर ती कठडा धरून थांबते, असं सहायराजनेच येऊन सांगितलं. शेवटी त्यानेच तिला हृदयाच्या डॉक्टर अन्बरसींपुढे नेऊन उभं केलं. त्यांनी छातीवर जेल लावून इको केला आणि पडदा तिच्याकडे वळवला. डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात काहीतरी डुलत होतं.

"हे साखळलेलं रक्त असेल किंवा ट्यूमर," डॉक्टर म्हणाल्या. "रक्त असेल तर औषधाने विरघळवायला बघू. ट्यूमर असेल तर छाती उघडून काढावा लागेल. बहुतेक साधाच असतो, पसरणारा नसतो, पण तो ठेवता येत नाही. तुकडा सुटून मेंदूत गेला तर अर्धं अंग जाईल. औषधं कुठली द्यायची ते मला आधी कळायला हवं. एमआरआय करू. डाय सोडल्यावर तो गोळा रक्त घेतो की नाही, ते त्यात दिसतं."

"सीटी करा ना," पेच्चियम्मा म्हणाली. "ते लवकर होतं."

"छातीचं सीटी केलं तरी गळ्यातलं काढावंच लागेल. तुम्हाला मी काय सांगायचं, अक्का?"

खरंच, तिला काय सांगायचं. तरी ती दोनदा दिवस पुढे ढकलून आली.

तिचा नवरा माडसामी लॉरी चालवायचा. थेनीच्या बाजूला त्याने दुसरं घर केलं, त्याला बरीच वर्षं झाली. तो गेला त्याच आठवड्यात ती आबांच्या दुकानात आली होती. मी तेव्हा शाळेत होते. तिने ताली पुढे धरली आणि साखळीचा आकडा डाक देऊन कायमचा बंद करायला सांगितला. "उघडायची नाहीच आहे," म्हणाली. आबांनी मान वाकवायला लावून, ओलं फडकं गळ्याशी धरून डाक दिला होता. तेव्हापासून ती साखळी डोक्यावरूनही निघत नव्हती. गल्ली काय बघतेय हे तिला माहीत होतं. ताली उतरली की पेच्चियम्मा हरली.

माडसामीची बहीण वडिवू गल्लीच्या तोंडाशी फुलं विकते. भाऊ गेला तेव्हा ती भर रस्त्यात बोलली होती, की घरात सुख असतं तर पुरुष बाहेर कशाला जेवायला गेला असता? त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. पेच्चियम्मा रोज केसात फूल माळते, पण ते देवळामागून वळसा घालून दुसऱ्या टोकाच्या बाईकडून आणते.

तिसऱ्यांदा दिवस ठरला त्याच्या आदल्या सकाळी ती पायरीवर येऊन बसली. दम खाल्ला आणि म्हणाली, "सेठ, कापा."

आबांनी कातरी हातात घेतली आणि परत ठेवली. "माझ्या भट्टीत रोज कुणाच्या ना कुणाच्या ताल्या वितळतात. पण बाईच्या गळ्यातली मी कधी कापली नाही. तुझ्याकडचं कुणीतरी इथे उभं असू दे."

"माझ्याकडचं कोण आहे?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी गल्लीच्या तोंडाशी गेले.

वडिवू अर्धवट गुंफलेला गजरा हातात घेऊनच आली. केळीच्या सोपाचा धागा तिच्या पायाच्या अंगठ्याला तसाच होता. दारात उभी राहून ती आबांनाच म्हणाली, "काय सेठ, महाराणीची ताली मोडीत निघाली का?"

"मोडीत नाही. तिच्या काळजात काहीतरी आहे. एमआरआय काढायचाय, त्याला गळा मोकळा लागतो."

वडिवूने तेव्हा तिच्याकडे बघितलं. "काय आहे काळजात?"

"तेच तर बघायचंय," पेच्चियम्मा जमिनीकडे बघत म्हणाली. "साखळलेलं रक्त, नाहीतर गोळा."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. दम लागतो."

"दम लागतो आणि बाईसाहेब देवळाला वळसा घालून फुलं आणतात! वाटेत पडली असतीस म्हणजे? लोक म्हणाले असते, वडिवूच्या शापाने मेली."

"तुझ्या दारावरून जायचं नव्हतं."

"मी कुठे हळदीकुंकू घेऊन उभी होते तुझ्यासाठी!"

आबा मध्ये पडले. "बायांनो, भांडण नंतर. पेच्ची, तूच सगळ्यांना सांगतेस ना, नवरा लांब असेल तर फोनवर चालतं?"

"नको," पेच्चियम्मा म्हणाली.

पण वडिवूने कमरेचा फोन काढून लावलाही होता. तिने तो स्पीकरवर टाकला. पलीकडे गाडीचं इंजिन, कुठल्या तरी मुलाचं रडणं. "एले माडसामी, मी बोलतेय. तुझी बायको इथे..."

"कोण बायको? अक्का, गाडीत माल भरतोय. नंतर करतो."

फोन बंद झाला. वडिवूने तो परत कमरेला खोचला. पेच्चियम्माच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं. बरीच वर्षं दारात उभं राहून आता बसायला मिळालेल्या माणसाचा चेहरा असतो, तसा काहीसा तो होता.

"एक गाठ त्याची होती," वडिवू म्हणाली. "ती त्याने केव्हाच सोडली. दोन माझ्या आहेत. माझ्या गाठी दुसरा कुणी कापणार नाही. द्या ती कातरी, सेठ."

"थांब," पेच्चियम्मा म्हणाली. तिने पिशवीतून दोरा काढला, रोज काढते तसाच. "आधी हा. गळा रिकामा करायचा नसतो."

मग तिच्या लक्षात आलं असावं. दोऱ्याची दोन टोकं हातात धरून ती नुसतीच बसली. "पहिली कोण मारणार?"

"तूच मार," वडिवू म्हणाली. "कमावतेस तू, खातेस तू, घर ओढतेस तू. आणखी काय करायचा तो नवरा? मार. मी पुढच्या दोन मारते."

पेच्चियम्माने दोन्ही हात मानेमागे नेले. दुसऱ्यांच्या गळ्यात डोळे मिटून गाठ मारणारी ती बाई, तिला स्वतःची मारता येईना. एकदा दोरा सुटला, एकदा केसात अडकला. वडिवूने तोंडातल्या तोंडात शिव्या देत केस वर धरले, पण दोऱ्याला हात लावला नाही. गाठ बसल्यावर तिने आपल्या दोन मारल्या, घट्ट, फुलांच्या गाठी मारते तशा. मग कातरी उचलली.

साखळी आबांच्या तराजूशेजारी पडली. कुणी ती तोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सहायराजने तिला हॉस्पिटलचा झगा दिला आणि तिच्याच बाकावर बसवलं. तिच्या जागी त्या दिवशी एक नर्स होती. तिने तोंडी विचारलं, धातू काही नाही ना? पेच्चियम्मा म्हणाली, नाही. आत पाऊल टाकणार एवढ्यात वडिवू मागून ओरडली, "अगं, केसात बघ तिच्या!" सकाळी वडिवूनेच माळलेला गजरा होता, आणि तो सुटू नये म्हणून वडिवूनेच लावलेली सेफ्टी पिन.

"अक्का, तुम्हीसुद्धा!" सहायराज हसून हसून खाली बसला.

"हिने लावली, हिला विचार," पेच्चियम्मा म्हणाली. ती हसली, तेवढ्यानेही तिला दम लागला.

बराच वेळ लागला. काळजाचा स्कॅन करताना पुन्हा पुन्हा श्वास रोखून धरावा लागतो आणि तिला तो फार वेळ धरवत नव्हता. सहायराज काचेमागून सांगत राहिला, "सोडा, अक्का. परत घ्या. धरा." वडिवू बाहेर बाकावर गजरे गुंफत होती. बाजूच्या बाईने विचारलं, आत कोण आहे? "माझी वहिनी," ती म्हणाली.

डायनंतर गोळ्याने रक्त घेतलं होतं. म्हणजे साखळलेलं रक्त नाही, ट्यूमर. देठावर लोंबणारा, बहुतेक साधाच, असं डॉक्टर अन्बरसींनी सांगितलं. पुढच्या पंधरवड्यात मदुराईला ऑपरेशन झालं. काढलेला गोळा तपासणीत साधाच निघाला. महिनाभर वडिवूने तिला खाटेवरून उठू दिलं नाही आणि टोमणे मारणंही थांबवलं नाही.

आता पेच्चियम्मा परत कामावर आहे. जिना अजून हळूच चढते. साखळी आबांनी कागदात गुंडाळून दिली होती. ती तिने पेटीत ठेवली आणि आकडा जोडून घ्यायला अजून आलेली नाही. गळ्यात दोराच असतो. हळद फिकी पडली की वडिवू नवा आणते.

परवा मी कुणाला तरी घेऊन गेले होते तेव्हा बाकावर एक बाई मुठी आवळून बसली होती. नवरा कुठे आहे म्हटल्यावर तिने मान खाली घातली. पेच्चियम्माने फोन मागितला नाही. पिशवीतून दोरा काढला, हळकुंड मधोमध सरकवलं आणि दोन्ही टोकं त्या बाईच्या हातात दिली.

"पहिली तू मार," ती म्हणाली. "मागे हात पोचत नाही लवकर, घाई करू नकोस. मी केस धरते."