खाडीतल्या राक्षसाची कॅसेट

बारावीत असताना मी आणि माझ्या मैत्रिणीने रॅपची एक आख्खी कॅसेट काढली. काढली म्हणजे आमच्याच पनवेलच्या फ्लॅटमध्ये, बाबांच्या डबल कॅसेटच्या टेपवर.

दिवाळीच्या सुट्टीत घरी भाड्याने व्हीसीआर आणला होता. दुकानदाराने आम्ही मागितलेल्या पिक्चरऐवजी चुकून एक जुना जपानी पिक्चर दिला. समुद्रातून डोंगराएवढा प्राणी वर येतो, आगगाडीचे डबे चकलीसारखे मोडतो आणि लोक इंग्रजीत किंचाळत पळतात. ओठ मात्र जपानीत हलत असतात. राक्षसाच्या पाठीवरची चेनसुद्धा आम्हाला दिसली. हसून हसून पोट दुखलं. लगेच रिवाइंड करून पुन्हा पाहिला.

मैत्रीण पनवेलजवळच्या नेरे गावची, भातशेती करणाऱ्या घरातली. रोज एसटीने कॉलेजला यायची. वर्गात सहसा गप्प, कारण तिच्या तोंडून ‘आमी’ किंवा ‘नाय’ निघालं की मागच्या बाकांवर खिदळणं सुरू व्हायचं. आमच्या घरी मात्र तिला ऊत यायचा. पिक्चर संपल्यावर तिने पाठीला उशी बांधली आणि दाणदाण पाय आपटत म्हणाली, “यो आपल्या खारीत आयला तं काय बोलंल, सांगू?” तिच्या बोलीत खारी म्हणजे खाडी.

“खारीतून आयलो आमी, वाट सोडा रे!
भूक लागली हाय आमाला, भाकर वाढा रे!”

केबलवर तेव्हा सारखं रॅप चालू असायचं. मी ओरडलेच, “अगं, हे रॅप आहे! टेप करूया.”

एका जुन्या हिंदी गाण्याच्या सुरुवातीचा बोंगोचा तुकडा आम्ही पॉजचं बटण दाबत दाबत पुन्हा पुन्हा कोऱ्या कॅसेटवर उतरवला. झाला ताल तयार. गाणी राक्षसांची: खाडीतला राक्षस, मोरा बंदराच्या धक्क्यावरचा महाखेकडा, आपटा गावच्या नदीतली मगर. डरकाळी मात्र जमेना. मी घसा बसवून घेतला, तरी मांजराचीच वाटायची. शेवटी आम्ही पाण्याचं रिकामं पिंप फरशीवरून खर्रर्र ओढलं. आई स्वयंपाकघरातून धावत आली.

“फरशी फोडताय का गं? ठेवा ते पिंप जागेवर!”

टेप चालूच होता. ऐकून पाहिलं, तर राक्षस भयंकर गर्जतोय आणि वर आई त्याला झापतेय.

“काकू, तुमी तं राक्षसाला गप केलात!” मैत्रीण म्हणाली. आईचं ते वाक्य आम्ही तसंच ठेवलं.

कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही नाव दिलं. कॅसेट लावायची आणि थर्माकोलचे काटे चिकटवलेले रेनकोट घालून नुसते ओठ हलवत नाचायचं, असं ठरलं होतं. पहिलं कडवं होतंय तोच लाइट गेली. टेप गप्प, माइक गप्प. शिट्ट्या सुरू झाल्या. मी विंगेत सटकणार, तेवढ्यात मैत्रिणीने डोक्यावरची टोपी मागे सारली.

“बाकडा वाजव,” ती मला म्हणाली.

विंगेतलं बाकडं पुढे ओढून मी वाजवायला लागले. आणि ती भर सभागृहात, माइकशिवाय, आपल्या घरच्या बोलीत गायला लागली. मधेच नव्या ओळीही जोडल्या: राक्षस कॅन्टीनमध्ये येतो, वडा बघतो आणि विचारतो, “यो वडा हाय का गोटी?” मागची बाकं टाळ्यांनी ताल धरायला लागली. मग आली डरकाळी. तिने ती छातीतून काढली आणि थांबली, कारण पुढचं वाक्य कॅसेटवरच होतं. इतक्यात पालकांच्या रांगेतून आई उभी राहिली आणि खणखणीत आवाजात ओरडली, “ठेवा ते पिंप जागेवर!”

सभागृह कोसळायचंच बाकी होतं. लाइट आली तरी कुणी टेप लावू देईना.

बक्षीस लावणीच्या ग्रुपला गेलं. आम्हाला उत्तेजनार्थ स्टीलचे डबे मिळाले. पण सोमवारी मागच्या बाकांवरची मुलं कॅसेटची कॉपी मागायला आमच्याभोवती जमली. एकाने तिच्यासमोर गाऊनही दाखवलं, “खाडीतून आलो आम्ही...”

तिने त्याला हात करून थांबवलं.

“खारीतून आयलो बोल, आयलो,” ती म्हणाली. “आणि ‘आम्ही’ नाय, ‘आमी’. परत म्हन.”

तो बिचारा शहाण्यासारखा परत म्हणाला.