प्लेटमागचं कुंकू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच.

मंगला गौरीच्या देवळाजवळ आमची एक खोली. बाबा पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवरून यात्रेकरूंसाठी गंगाजळाच्या कळशा वर आणायचे, आई चार घरी पोळ्या लाटायची. माझी फी भरायचा महिना आला की घरात भाजी बंद. तरी खंडेनवमीला बाबांच्या कळशा आणि आईचं पोळपाट-लाटणं पाटावर मांडलं जायचं — तुपात कालवलेल्या कुंकवाचं बोट प्रत्येकाला. ज्यावर पोट चालतं, त्याची पूजा.

त्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मी. अभिमान आहे, लपवत नाही.

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मी चांदीचा थर बनवायचे, केसाच्या हजाराव्या हिश्शाइतका पातळ. अट एकच — सगळा थर मिळून एकच स्फटिक हवा. दाणे पडले की प्रकाश त्यांच्या सांध्यांवर अडखळतो, विखुरतो. मग तो थर फुकट.

यंत्र सांभाळायचे आमचे लॅब अटेंडंट, जतनभैया. थर बिघडला की चहा पुढे करून विचारायचे, "आज चाँदी रूठल हौ का, बिटिया?" किती बरं वाटायचं!

त्या खंडेनवमीला आई म्हणाली, "तुझ्या मशीनलाही बोट लाव गं." लावलं. कुठे? कुणाला दिसू नये म्हणून, नमुना तापवायच्या प्लेटच्या मागे. निर्वात पेटीत, तापणाऱ्या प्लेटला — तूप! मला कळत नव्हतं का? कळत होतं. वाटलं, टिकलीएवढं तर आहे.

त्यानंतर प्रत्येक थर दुधाळ. तीन आठवडे. शेवटी मी प्लेट उलटून पाहिली — काळा, जळका डाग. त्याचीच वाफ थरात शिरत होती. पुसणार तेवढ्यात माझे मार्गदर्शक सर लॅबमधल्या सगळ्यांना घेऊन आत आले. "ही घाण येतेय कुठून?"

मी कुंकू म्हणाले असते तर? सगळे हसले असते. पाणक्याची पोर ती पाणक्याचीच, म्हणाले असते. प्लेट पालथी ठेवून मी म्हटलं, "जतनभैया हातमोजे घालत नाहीत."

मागे उभे असलेले जतनभैया एवढंच म्हणाले, "हाथ त हम रोज धोईला, साहब." माझ्याकडे एकदा पाहिलं. प्लेट रोज तेच बसवायचे — त्यांना तो डाग दिसला नसेल?

त्यांना स्टोअरमध्ये पाठवलं. मी प्लेट घासली, रिकामी तापवली. पुढचा थर आरशासारखा उतरला. "जतन गेला आणि चांदी सुधारली," कुणीतरी म्हणालं. मी हसले — हो, हसलेसुद्धा.

पुढे पेढे घेऊन मी स्टोअरमध्ये गेले. त्यांनी पेढा कपाळाला लावून खाल्ला. "चाँदी मान गइल न, बिटिया?" मी हो म्हटलं आणि आणखी एक पेढा पुढे केला. ते स्टोअरमधूनच निवृत्त झाले.

त्या थरावर मला पीएच.डी. मिळाली. आमच्या घरातली पहिली.